माळाला चुना, राबाला राख

रविवार, दिनांक १० मार्च १९६३, सकाळचे साडेसात. सातपाटीला काशीमावशींच्या चुनाभट्टीवर मी तोंडाला फडके बांधून चुना चाळत बसलो होतो. शिंपल्या भाजून झाल्या की त्यांवर पाणी शिंपडायचे, त्या फुटून त्यांचे पीठ झाले की चाळायचे आणि गोणीत भरायचे, हे माझे काम. त्या वेळी एक उंच, सडपातळ गृहस्थ सायकल हाताने ढकलीत वाळूतून भट्टीकडे आले. त्यांनी चाळणीखालचा चुना चिमटीत धरला, दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "मला असाच बारीक हवा. चार गोणी. शेतात टाकायचा आहे."

काशीमावशी शिंपल्यांच्या ढिगावर बसल्या होत्या. त्या मोठ्याने हसल्या. "मास्तर, शेताला रंग देताव काय? आमी घराला देतो तो दिवाळीला!"

"मावशी, घराला दिलेला चुना दोन वर्षे टिकतो, शेताला दिलेला त्याहून जास्त टिकेल," ते गृहस्थ म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले. "गोण्यांवर आकडे कोणी घातले? तुम्ही?"

मी उठून उभा राहिलो. मला तेव्हा एकोणीस वर्षे पूर्ण झाली होती आणि तोपर्यंत मला कोणीही 'तुम्ही' म्हटले नव्हते. मी मागे वळून पाहिले. दुसरे कोणी नव्हते. शिक्षण विचारल्यावर मी खरे ते सांगितले, की सातवीचे वर्ष पुरे केले, परीक्षेस बसलो नाही. ते म्हणाले, "अक्षर परीक्षेला बसलेल्याचे आहे. पुढच्या रविवारी पाम गावी माझ्या घरी या."

श्री. रघुनाथ आत्माराम राऊत, म्हणजे आपल्या सर्वांचे राऊत मास्तर, यांची माझी ओळख अशी झाली. यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मलाही लिहिण्यास सांगितले, तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. या ग्रंथात मोठे मोठे लोक लिहिणार, त्यांत माझ्यासारख्याने काय लिहावे, असे वाटले. परंतु १९६४ साली जे घडले ते पुरते पाहिलेला मी एकटाच लिहिता माणूस आहे. ते मी लिहिले नाही तर ते राहून जाईल.

मास्तरांनी तीस वर्षे शाळेत शेती हा विषय शिकविला, हे वाचकांस ठाऊक आहे. शाळेतून मोकळे झाल्यावर त्यांनी डोंगराकडचे पाडे धरले. बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी जी उताराची तांबडी जमीन आहे, तिला आपण वरकस किंवा माळ म्हणतो. तिथे तूर, उडीद पेरले तर झाडे वीतभर वाढून पिवळी पडत. लोक म्हणत, जमीन म्हातारी झाली. मास्तर म्हणत, म्हातारी नाही, आंबट झाली आहे. उतारावर पाऊस धो धो पडतो आणि मातीतला चुना धुऊन खाली समुद्राकडे नेतो. समुद्रातले जीव तोच चुना घेऊन शिंपल्या बांधतात. "तेव्हा आपण काही नवीन करीत नाही," असे ते सांगत, "गेलेला माल परत वर नेऊन ठेवतो, इतकेच."

मी त्यांच्याबरोबर पाड्यावर पहिल्यांदा गेलो तो दिवस फार मजेचा होता. लाडक्या वरठा नावाच्या शेतकऱ्याच्या माळावर मास्तरांनी पाच ठिकाणची माती काढली, एका करवंटीत एकत्र केली, तीत उकळून गार केलेले पाणी घातले आणि ढवळून ठेवली. पाड्यातली वीसपंचवीस माणसे भोवती बसली होती.

लाडक्यादादाने विचारले, "मास्तर, माती आंबट हाय म्हणता, मंग तुमी चाखली काय?"

"मी नाही चाखली. तुमच्या तुरीने चाखली आणि तोंड वाकडे केले. ही पाने पाहा."

मंडळी हसली. मग मास्तरांनी निळ्या कागदाची पट्टी वरच्या निवळ पाण्यात बुडविली. थोड्या वेळाने पट्टीची कड तांबूस होऊ लागली. लाडक्यादादाची बायको जानीबाई पुढे वाकून बघत होती. ती म्हणाली, "अगं बाय, कागद लाजला!"

तेव्हापासून त्या पाड्यावर माती तपासणे याला 'कागद लाजवणे' असेच नाव पडले आहे. मास्तर स्वतःही तसेच म्हणतात.

कोणी आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा, असा आग्रह मास्तरांनी कधी धरला नाही. लाडक्यादादाच्या माळावर त्यांनी मधोमध दोरी ताणली आणि म्हणाले, "दोरीच्या या अंगाला माझे म्हणणे, त्या अंगाला तुमचे. इकडे चुना पडेल, तिकडे नाही. तूर सांगेल कोणाचे खरे." चुना पसरायचा तो पहाटे, वारा पडलेला असताना. मास्तर आधी सर्वांच्या हातापायांना खोबरेल चोळायला लावीत, कारण चुन्याने कातडी फुटते. स्वतःच्या हाताला मात्र शेवटी लावीत, आणि पुष्कळदा तोवर बुधली रिकामी झालेली असे.

त्या वर्षी भाद्रपदात जानीबाईचा निरोप आला, की चुन्याच्या अंगाच्या तुरीला मुळाशी रोग लागला हाय, गाठी आल्या हायत, लवकर या. मी घाबरून गेलो. मास्तर मात्र सायकलीवर बसताना शीळ घालीत होते. शेतावर पोहोचताच त्यांनी एक झाड उपटले. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक गाठ त्यांनी नखाने फोडून जानीबाईच्या तळहातावर ठेवली. आतून ती गुलाबी होती.

"हा रोग नाही, बाई. हे तुरीचे कोठार आहे. हवेतले खत ती यात साठवते. आता दोरीपलीकडचे एक उपटा."

पलीकडच्या झाडाला दोनचार गाठी होत्या, त्याही आतून पांढऱ्या. जानीबाईने दोन्ही झाडे नवऱ्यापुढे धरली. "घ्या. तुमच्या अंगाची ही. काय बोलताव आता?" लाडक्यादादा डोके खाजवीत म्हणाला, "दोरीच वाकडी लावली होती मास्तरनं." सारा पाडा हसला. पौषात तूर झोडपली तेव्हा मात्र बोलायला जागाच उरली नाही.

आता १९६४ चे सांगतो. त्या वर्षी घिवलीच्या बाजूला वीजकेंद्राचे काम निघाले होते. बोईसरच्या स्टेशनावर हिंदी बोलणारे मजूर दिसू लागले होते आणि चुन्याला बांधकामाचे गिऱ्हाईक वाढले होते. तरीही काशीमावशी मास्तरांच्या गोण्या वेगळ्या राखून ठेवीत. तुरीची गोष्ट आसपास पसरली होती आणि पाड्यावरून मागणी वाढली होती. नेमके तेव्हाच, वैशाखात, मास्तरांना विषमज्वर झाला. ते अंथरुणास खिळले आणि काम माझ्यावर आले.

त्यांनी मला एक कागद लिहून दिला होता: गुंठ्याला दोन पाट्या, पेरणीआधी तीन आठवडे, मातीत नीट मिसळून. तो कागद मी खिशात नव्हे, तर पत्र्याच्या डबीत ठेवीत असे. पाट्या मी स्वतः मोजल्या. दिवसही बोटांवर नव्हे, पंचांगावर मोजले.

माळाचे काम संपल्यावर लाडक्यादादा आणि आणखी चार घरचे लोक माझ्याकडे आले. "तुरीला एवढा गुण आला, तर भाताला का नाय? आमच्या राबालाही टाका." राब म्हणजे भाताचे रोप तयार करण्याचा वाफा, हे आपल्याकडे सांगायला नको, परंतु हा ग्रंथ दूरचे लोकही वाचतील म्हणून लिहितो. पेरणीआधी त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, टहाळे आणि गवत यांचे थर देऊन तो भाजतात. ती राख मातीवर तशीच राहू देतात आणि पाऊस लागला की तीत भात पेरतात. पाचही राब भाजून झाले होते. राखेचा थर चांगला चार बोटे होता.

मी डबीतून कागद काढला, दोनदा वाचला आणि पाचही राबांवर गुंठ्याला दोन पाट्या चुना टाकला. कागदातला शब्द न् शब्द मी पाळला. पायाखालच्या राखेकडे मात्र पाहिले नाही. राखेतही चुन्याचाच गुण असतो, हे आज मला कोणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. तेव्हा ते ठाऊक नव्हते.

रोप उगवले ते आधी हिरवे होते. बाराव्या दिवशी मी गेलो तेव्हा पाचही राब पिवळे होते. पात्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग पिवळट पांढरा. जानीबाई बांधावर उभी होती. आज ती हसत नव्हती.

"बघ, चुनेवाल्या. हळद लावली हाय रोपाला. नवरीला लावतात हळद, रोपाला नाय लावत."

रोप नाही तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर त्या पाच घरांना वर्षभर भात नाही. पुन्हा पेरायचे तर बियाणे उरले नव्हते आणि दिवसही उरले नव्हते. लाडक्यादादा एवढेच म्हणाला, "मास्तरला सांग." मी तिथून पामपर्यंत चालत गेलो. वाटेत काय पाहिले ते मला आठवत नाही.

मास्तर अंथरुणावर उशीला टेकून बसले होते. अंगावर मांस राहिले नव्हते. माझे सगळे ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"चुना राब भाजण्याआधी टाकला की नंतर?"

"नंतर."

मास्तर उशी सोडून सरळ बसले. मग म्हणाले, "कागद माळासाठी लिहिला होता, आणि तो माळासाठी आहे हे मी त्यावर लिहिले नाही. यशवंत, चूक माझी आहे. गाडी जोडायला सांगा."

त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "डॉक्टरांनी आठ दिवस उठू नका म्हणून सांगितलंय!"

"डॉक्टरांना रोप आठ दिवस थांबवायला सांग, मग मी निजतो."

काकूंनी पुढे वाद घातला नाही. त्यांनी गाडीत दोन उशा ठेवल्या आणि पेजेचा गडवा माझ्या हाती दिला. "तिथे पोचल्यावर नव्हे, वाटेतच पाजा. तिथे गेल्यावर ते कोणाचं ऐकायचे नाहीत."

पाड्यावर पाचही घरची माणसे जमली होती. मास्तर गाडीतून उतरले, माझ्या खांद्याला धरून उभे राहिले, आणि सगळ्यांपुढे हात जोडून म्हणाले, "राबाला चुना नको होता. राखेवर चुना म्हणजे ताटात दोनदा मीठ. मी तुम्हांला ते सांगितले नाही. चूक माझी आहे."

जानीबाई म्हणाली, "मास्तर, तुमच्या कागदानं आमचं रोप खाल्लं."

"खाल्ले. आता ते परत काढायचे."

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. माझे नाव त्यांनी घेतले नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.

राबाचे बांध फोडून आतले पाणी वाहते केले. मला पालघरला काष्ठौषधींच्या दुकानात पाठवून हिराकस आणविला. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. शाई करायला वापरतात तो. चुना जास्त झाला की मातीत लोह असूनही रोपाला ते घेता येत नाही, म्हणून ते पानांवरूनच द्यायचे, असे मास्तरांनी समजाविले. थोडासा हिराकस घागरभर पाण्यात विरघळवून, केरसुणी त्यात बुडवून, उन्हे उतरल्यावर रोपांवर शिंपडायचा. पाच राबांवर पाच केरसुण्या चालू लागल्या. लाडक्यादादा केरसुणी झटकीत बायकोला म्हणाला, "घरात कधी धरली नाय, आज शेतात धरली." जानीबाईने उत्तर दिले, "सवय राहू दे." सगळे हसले. त्या दिवसांत मी ऐकलेले ते पहिले हसू.

परंतु एवढ्याने भागणार नाही, हे मास्तरांना ठाऊक होते. दोन राब, त्यांतला एक लाडक्यादादाचा, फारच खंगले होते. आमच्या पामकडे विहिरीच्या पाण्यावर रोप लवकर होते, आणि तिथे एक रीत आहे. लावणी झाल्यावर उरलेले रोप कोणी विकत नाही. मागेल त्याला ते द्यायचे. मागणाऱ्याने मात्र स्वतः दारात यावे लागते. निरोपावर रोप मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर काठी घेऊन निघाले. मी म्हटले, मी जातो. ते म्हणाले, "तुमचे शेत कुठे आहे पामला? मागणारा मी आहे."

पहिले घर भास्करभाऊंचे होते. ते ओटीवरूनच ओरडले, "मास्तर, तापातून उठलात तोच कुठे निघालात? बसा आधी. तुमच्या शेताला रोप कमी पडलं?"

"हो, कमी पडले."

"पण तुमची लावणी तर परवाच झाली. मी पाहिली ना."

"हे शेत डोंगराकडे आहे. लाडक्या वरठाचे. यंदा ते माझे समजा."

तिथे बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आपलं रोप डोंगरात कधी गेलं नाय."

"काका, आपला भात मुंबईला जातो, तेव्हा आपण विचारतो का कोणाच्या ताटात गेला?"

वृद्ध गृहस्थांनी आधी सुपारी कातरली. मग म्हणाले, "माझ्याकडे वीस जुड्या आहेत. पण गाडीपर्यंत तुम्ही नेऊ नका. माझा मुलगा नेईल. तुम्ही पडाल, नि तुमचं पाप आमच्या माथी."

दुपारपर्यंत मास्तर अकरा दारांत उभे राहिले. प्रत्येक दारात त्यांना पाणी विचारले गेले आणि प्रत्येक दारात त्यांना बसावे लागले. दोन गाड्या रोपांनी भरल्या. काकू घरी वाट पाहून शेवटी स्वतः गडवा घेऊन रस्त्यावर आल्या आणि अकराव्या दारात त्यांना पेज पाजली.

हिराकस शिंपडल्यावर सहाव्या दिवशी पहिले नवे पाते हिरवे निघाले. ते जानीबाईने मला दाखविले. पण तोडू दिले नाही, ओणवे होऊन बघ म्हणाली. तीन राब सावरले. उरलेल्या दोन घरांची लावणी पामच्या रोपावर झाली. लावणीला उशीर झाला खरा, परंतु पाचही घरांची खाचरे भरली. एकही कोरडे राहिले नाही.

लाडक्यादादाच्या खाचरात लावणी झाली त्या दिवशी मास्तर तिथे होते. पाऊस लागू नये म्हणून त्यांच्या डोक्यावर जानीबाईने पानांचे इरले चढविले. ते त्यांना आखूड पडत होते, कारण मास्तरांची उंची तिने हिशेबात धरली नव्हती. बायका गाणे म्हणत चिखलातून मागे सरकत होत्या. त्यांनी गाण्यात मास्तरांचेही नाव गुंफले. पुढची ओळ काय होती ते मला कोणी सांगितले नाही, पण सगळ्या फार हसल्या. मास्तर दहाबारा चूड, म्हणजे रोपांचे झुपके, लावून थकले आणि बांधावर बसले. जानीबाई खाचरातून ओरडली, "मास्तर, आता चुना नाय ना?"

"नाही, बाई. आता फक्त पाणी आणि तुमचे गाणे."

त्याच संध्याकाळी परतताना मी त्यांना सांगितले, की उद्यापासून मी या कामावर येणार नाही. ज्याच्या हातून पाच घरांचे रोप जाता जाता राहिले, त्याच्या हाती पाटी देऊ नये. मास्तर गाडीत उशीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "चूक केली आणि पळून गेलात, तर ती चूक पुढचा माणूस पुन्हा करील. त्यापेक्षा ती लिहून भिंतीवर लावा." मग त्यांनी मला नवा कागद लिहायला बसविले. सुरुवातीची ओळ कोणती असावी, हे मीच ठरवावे असे सांगितले. मी लिहिले: राख पडलेल्या राबावर चुना टाकू नये, १९६४ साली टाकून पाच राब पिवळे पडले. मास्तरांनी 'कोणी टाकला' असे कुठे लिहिले आहे का, ते पाहिले. लिहिलेले नव्हते, तेव्हा खाली सही केली.

तो कागद आज आठ पाड्यांवर लावलेला आहे. पाड्यावरची माणसे मात्र तो वाचीत नाहीत. त्यांनी त्याचे आपले चार शब्द केले आहेत: 'माळाला चुना, राबाला राख.' पोरे ते खेळताना म्हणतात.

तरीही त्या वर्षभर मला एक धाकधूक होती. पिके वाचली, पण विश्वास वाचला का? मास्तर त्याविषयी काही बोलत नसत. ते कोणाकडे गेलेही नाहीत. "आता आपण बोलवायचे नाही," एवढेच ते म्हणाले. फाल्गुन लागला. सातपाटीला भट्टी पेटली. एके सकाळी मी चाळणीवर होतो, तेव्हा वाळूतून पाच माणसे चालत येताना दिसली. पुढे लाडक्यादादा, मागे ती चार घरे. प्रत्येकाच्या खांद्यावर रिकामी गोणी. ती पाचही माणसे समुद्राकाठच्या या भट्टीवर प्रथमच येत होती. काशीमावशींनी त्यांना पाणी दिले आणि विचारले, "कोणी धाडलं तुमाला?"

लाडक्यादादा म्हणाला, "कोणी नाय. माळ मागतोय."

मी त्या दिवशी पामला निरोप पाठविला नाही, स्वतः गेलो. मास्तर अंगणात मिरच्यांच्या रोपांना पाणी घालीत होते. माझे ऐकून त्यांनी झारी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि काकूंना हाक मारून म्हणाले, "अगं, आज गोड कर काहीतरी." काकूंनी विचारले, कशाबद्दल. ते म्हणाले, "यशवंत पास झाले."

राऊत मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. पाचही घरांचा आग्रह आहे, की यापुढे दरवर्षी आषाढात पहिला चूड मास्तरांनीच लावावा, आणि या वर्षीपासून इरले त्यांच्या मापाचे विणले जाईल. तेव्हा माझी एवढीच प्रार्थना आहे: चिखलात उभे राहण्याइतके बळ त्यांच्या गुडघ्यांत आणखी चाळीस आषाढ राहावे, नव्या पात्याचा हिरवा रंग ओळखण्याइतकी नजर राहावी, आणि काकूंच्या हातची पेज त्यांना आजारपणासाठी नव्हे, तर आवडते म्हणून मिळत राहावी.